हिवाळ्यासाठी राखलेला आवाज

शिकागोच्या मराठी मंडळात सुलेखा माईणकरबद्दल दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, तिच्या हातच्या आमटीत मीठ कधी धड नसतं. दोन, ती ‘फिल्म लाइनमध्ये’ आहे. दुसऱ्या गोष्टीचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे लावलेला. पद्मिनी नावाच्या एक बाई तर देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर भेंडी निवडताना भेटल्या की दर खेपेला विचारायच्या, "काय गं, सध्या कुठला हीरो?" सुलेखा म्हणायची, "सध्या मधमाश्या." बाईंना वाटायचं, थट्टा करते. पण ते अगदी खरं होतं. शाळांसाठीच्या एका माहितीपटातल्या मधमाश्यांची गुणगुण ती तीन आठवडे जुळवत बसली होती.

ती १९६९ साली साताऱ्याहून विनयशी लग्न करून आली. विनय पुलांचा इंजिनियर. सकाळी सातला गेला की संध्याकाळी सहाला उगवायचा. पहिले दोन हिवाळे सुलेखाने चौथ्या मजल्यावरच्या खोलीत नुसत्या कानांवर काढले. कुठल्या नळाला पाणी आलं, रेडिएटर तापायला लागला की निवायला, वरची म्हातारी आज कोणत्या पायाने लंगडते आहे, सगळं तिला बसल्या जागी कळायचं. वेड लागेल म्हणून विनयने तिला कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात घातलं. फोटोग्राफीचा वर्ग भरलेला होता, म्हणून फिल्म एडिटिंगचा घेतला. इतक्या साध्या कारणाने माणसाचा जन्म मार्गी लागतो, किंवा बिघडतो.

वर्गात तिच्या कानांची कीर्ती झाली आणि डग लिंडस्ट्रॉम नावाच्या माणसाने तिला उचललं. डग माहितीपट काढायचा. त्याची कंपनी म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. सोळा मिलिमीटरच्या फिल्ममध्ये चित्राची रीळ वेगळी असते आणि आवाजाची वेगळी. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी चालवून जुळवायच्या, नको ते कापायचं, हवं ते चिकटवायचं. सुलेखा आवाजाची राणी. बोलणाऱ्याचा खोकला, खुर्चीची करकर, शेजारच्या खोलीतला फ्रिज ती असे काही काढायची की कापल्याची खूण राहू नये. आपल्या कानांचा आणि हातांचा तिला गर्व होता. तो खोटा नव्हता, आणि तिथेच तर घात झाला.

१९८४च्या जानेवारीत डगने उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एका रिझर्व्हेशनवर शूटिंग ठरवलं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओजिब्वे लोकांची ती राखीव वस्ती. त्यांच्यातल्या डेलिया बेलांजे या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीबाई पूर्वजांच्या गोष्टी सांगत, आणि तशा सांगणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. डगचा नेहमीचा ध्वनिमुद्रक तापाने पडला, म्हणून सुलेखा गेली. सात तास व्हॅनमध्ये, दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र आणि मध्ये रस्ता.

आजीबाईंचं घर लहानसं. लाकडं जाळायची शेगडी, तिच्यावर केटल, भिंतीवर खणखणीत टिकटिकणारं घड्याळ. त्यांची नात रोंडा तिथेच राहायची, आणि रोंडाची मुलं इकडून तिकडे. आल्या आल्या जेवायला बसवलं. तळ्याच्या पाण्यात उगवणारा काळसर लांब तांदूळ. सुलेखाने दोनदा मागून घेतला, तेव्हा आजीबाई पहिल्यांदा हसल्या.

तीन दिवस त्या बोलल्या. सातव्या वर्षी त्यांना सरकारी शाळेत नेलं होतं, दूर, आगगाडीने. तिथे घरची भाषा बोललं की तोंडात साबण कोंबायचे. "मग मी नुसते ओठ हलवायला शिकले," त्या म्हणाल्या. "आवाज न काढता. रात्री अंथरुणात आईशी तशी बोलायचे." सुलेखाच्या कानांवर हेडफोन होते, ध्वनियंत्रावरची सुई बघायचं काम होतं, तरी तिचे डोळे भरले. डगने कॅमेऱ्यामागून अंगठा वर केला. छान शॉट मिळाला होता.

चौथ्या दिवशी मोठी गोष्ट सांगायची होती. जगाच्या आरंभीच्या त्या खोडकर, अर्धा देव असलेल्या गृहस्थाची. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण तुम्ही हे कोणत्या महिन्यात वाचता आहात कोण जाणे. आजीबाईंनी आधीच बजावलं होतं. ही गोष्ट जमिनीवर बर्फ असतानाच सांगायची. बर्फाखाली सगळे झोपलेले असतात, कुणी ऐकत नाही. उन्हाळ्यात सांगितली तर बेडूक आणि साप सांगणाऱ्याच्या अंथरुणात येतात.

डगला हे फार ‘वंडरफुल’ वाटलं. सुलेखाला मात्र वंडरफुल वगैरे काही वाटलं नाही. तिची आई शुक्रवारची कहाणी श्रावणातच सांगायची, हातात अक्षता देऊन. एकदा मे महिन्यात सुलेखाने हट्ट धरला तर आईने सरळ उठून दळण आणायला पाठवलं होतं. कहाणीला महिना असतो, हे तिला कोणी समजावून द्यायला नको होतं.

गोष्ट अकरा मिनिटं चालली. आधी ओजिब्वेत, मग तुकड्यातुकड्याने इंग्रजीत. संपल्यावर सुलेखाने नेहमीप्रमाणे सगळ्यांना एक मिनिट निमूट बसायला सांगितलं. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते. ती टेप करून ठेवायची, म्हणजे पुढे आवाज कापला की त्या भोकात भरता येते. नाहीतर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं.

"आता काय ऐकतेस?" आजीबाईंनी विचारलं.

"तुमच्या घराची शांतता."

"माझ्या घरात ती असते होय?" म्हणून त्या हसल्या, पण मिनिटभर गप्प बसल्या. शेगडी तडतडली, केटल कुरकुरली, घड्याळ चाललं.

निघताना त्यांनी डगला विचारलं, "ही गोष्ट पेटीतून नेतोस. बर्फ नसताना दाखवणार नाहीस ना?"

"छे, छे! ऑफ कोर्स नाही," डग केबल गुंडाळत म्हणाला.

आजीबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि वळल्या सुलेखाकडे. "आवाज तुझ्या हातात असतो ना?" एवढं म्हणून त्यांनी लाल कापडाच्या तुकड्यात चिमूटभर तंबाखू बांधून तिच्यापुढे धरली.

आता साताऱ्याच्या बाईने काय करावं? मोठ्या माणसाने दिलेलं नाही म्हणायचं नाही. तिने डावा हात उजव्या कोपराला लावला, पुडी घेतली आणि सवयीने कपाळाला लावली. प्रसादच तो तिच्या लेखी. आजीबाई तिच्या कपाळाकडे टक लावून बघत राहिल्या आणि मग त्यांनी मान डोलावली.

व्हॅनपाशी रोंडाने तिला गाठलं. "काय घेतलंस, माहीत आहे? तंबाखू घेतली म्हणजे हो म्हटलं. आता ती गोष्ट सांभाळायची जबाबदारी तुझी. आणि तू तर डोक्याला लावलीस! असं मी कुणाला करताना बघितलं नाही. ग्रँडमाला वाटलं, तू शपथच घेतलीस."

आमच्याकडे विडा उचलतात तसंच हे, एवढं सुलेखाला तत्क्षणी कळलं, आणि कळायला दोन मिनिटं उशीर झाला हेही कळलं. तरी परत देण्याचा विचार मनात आला नाही. घेतलं ते घेतलं.

मे महिन्यात फिल्म जवळजवळ तयार झाली. साबणाचा तुकडा सुलेखाने स्वतः कापून बसवला. आजीबाईंचा हात तोंडाशी जातो, तिथे. आणि शेवटी अकरा मिनिटांची ती गोष्ट. मग एका सकाळी डग नाचत आला. पब्लिक टेलिव्हिजनच्या स्टेशनने फिल्म घेतली होती. देशभर दाखवणार. तारीख एकोणीस जुलै.

"जुलै?" सुलेखा म्हणाली. "डग, बर्फ."

"बर्फाचं काय?"

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. तिने आठवण करून दिली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. त्याने स्टेशनला फोन केला. स्टेशन म्हणालं, मालिका जुलैची आहे, हवं तर घ्या नाहीतर सोडा. टीव्हीवर शिरकाव व्हावा म्हणून चार वर्षांची खटपट होती त्याची.

"मग गोष्ट काढून टाकू," ती म्हणाली.

"सुलेखा, गोष्ट काढली तर उरलं काय? पाहुणे जेवायला बोलवायचे आणि पानात लोणचं वाढायचं?" हे शब्द माझे, पण त्याचं म्हणणं तेच. "तिचा चेहरा बघ त्या अकरा मिनिटांत. असा चेहरा मी जन्मात शूट केला नाही."

आठवडाभर दोघांत धुसफूस चालली. सुलेखाला झोप येईना, जेवण जाईना. नोकरी सोडली तर डग दुसऱ्या कुणाकडून फिल्म पुरी करून घेणार आणि गोष्ट आवाजासकट जुलैत बोंबलणार. शब्द दिला होता तिने, आणि तो पाळता येईल असं जगात एकच टेबल होतं, तिचं.

शनिवारी डेव्हनवर गाडी पार्क करायला जागा शोधताना विनय म्हणाला, "अगं, त्यांनाच फोन करून विचार ना. सिंपल आहे."

"काय विचारू? तुमचा शब्द मोडतेय, चालेल का?"

"तसं नाही. काय करू म्हणून विचार."

"त्यांनी माझ्यावर सोपवलंय, विनय. सोपवलेलं काम परत त्यांच्याच गळ्यात टाकायचं? शोभतं का?"

"मग कॅन्सल कर म्हणावं डगला."

"इतकं सोपं असतं तर!"

मागे बसलेली बारा वर्षांची दीपा म्हणाली, "मॉम, जस्ट कॉल हर." पोरीला कोण विचारतं.

सोमवारी तिला सुचलं. चेहरा डगला हवा, आवाज आजीबाईंना राखून हवा. चित्र आणि आवाज मुळातच दोन वेगळ्या रिळांवर. मग अडलं कुठे? तिने अकरा मिनिटांची चार केली आणि त्या चारांतून आजीबाईंचा आवाज सबंध काढला. त्याजागी ती एका मिनिटाची शांतता जोडून जोडून भरली, त्यांच्याच घरातली. सांधा कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. शेगडी तडतडते, घड्याळ चालतं, आजीबाईंचे हात पक्ष्यांसारखे हवेत फिरतात, ओठ हलतात. पडद्यावर खाली एक ओळ येते: ही गोष्ट फक्त हिवाळ्यात सांगतात.

डगने ते दोनदा चालवून बघितलं. मग म्हणाला, "सुलेखा, तू जीनियस आहेस. बक्षीस मिळणार याला."

सुलेखाला मनापासून हायसं वाटलं. एवढंच नाही, तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. साप मेला आणि काठीही शाबूत. खऱ्या आवाजाची रीळ तिने डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली: डिसेंबर ते मार्च. त्या दिवशी घरी तिने श्रीखंड केलं. फोन मात्र केला नाही. आता तर कारणच उरलं नव्हतं.

एकोणीस जुलैला ती दीपाला घेऊन गाडीने वर विस्कॉन्सिनला गेली. आपण शब्द कसा राखला ते आजीबाईंच्या शेजारी बसून बघायचं, हा तिचा बेत. नवस फेडायला निघालेल्या माणसासारखी ती खुशीत होती. पदराखाली दिवा झाकून आणला आणि विझू दिला नाही, असं काहीसं तिला वाटत होतं.

घर माणसांनी भरलं होतं. संध्याकाळचं ऊन अजून झाडांवर होतं. रोंडाने टीव्ही खिडकीपाशी सरकवला, मुलं जमिनीवर बसली, दीपा त्यांच्यात. आजीबाईंना मधली खुर्ची. त्यांनी सुलेखाचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, "ती गोष्ट?"

"नाही ऐकू येणार," सुलेखा म्हणाली. "मी राखली."

आजीबाईंनी तिचा हात थोपटला. सुलेखाला इतका आनंद साताऱ्याहून आल्यापासून झाला नसेल.

फिल्म सुरू झाली. तळं दिसलं, टाळ्या झाल्या. रोंडा दिसली, आरडाओरडा झाला. साबणाचा प्रसंग आला तेव्हा आजीबाई स्वतःकडे ताठ बसून बघत राहिल्या. मग शेवटी ती चार मिनिटं आली.

पडद्यावर डेलिया बेलांजे बोलत होत्या आणि आवाज नव्हता. शेगडी तडतडली. एका पोराला वाटलं, टीव्ही बिघडला. त्याने उठून बटण पिळलं. घड्याळाची टिकटिक एकदम मोठी झाली. ओठ हलतच होते. "ग्रँडमा, तुझा आवाज कुठे गेला?" धाकटीने विचारलं. सुलेखाने शेजारी बघितलं. आजीबाईंचा उजवा हात तोंडाशी गेला होता, आणि तो हात कुठल्या क्षणी तसा जातो हे सुलेखाइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. मे महिन्यात तिने तो पन्नास वेळा मागेपुढे करून बघितला होता.

आजीबाई उठल्या आणि बाहेर गेल्या.

सुलेखा मागोमाग गेली. पायरीवर त्या बसल्या होत्या, झाडांकडे तोंड करून. ती खालच्या पायरीवर बसली.

"मी शब्द पाळला," ती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच भिकाऱ्यासारखा वाटला तिला.

"हो," आजीबाई म्हणाल्या. "पाळलास."

मग त्या बोलल्या, सावकाश, रागाचा लवलेश नसलेल्या स्वरात, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "घड्याळ ऐकू आलं. शेगडी ऐकू आली. केटलसुद्धा. माझ्या घरातलं सगळं ऐकू आलं, फक्त मी नाही. ओठ हलवायला मी त्या शाळेत शिकले होते. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच करताना दिसले, पोरांच्या देखत."

"मला कळलं नाही," सुलेखा म्हणाली. हे खोटं होतं आणि दोघींना ते माहीत होतं. तो तुकडा तिनेच तर बसवला होता. कळत होतं सगळं. चार मिनिटांची सफाई इतकी सुंदर जमली होती की त्यापुढे दुसरं काही दिसेना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. पण मारुती झाला तर निदान देव तरी होतो.

"मी तुला गोष्ट सांभाळ म्हटलं होतं. माझं तोंड मिटव म्हटलं नव्हतं."

"जुलैची तारीख बदलेना. दुसरा मार्गच नव्हता हो."

आजीबाईंनी प्रथमच तिच्याकडे मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "मला विचारायचंस. मी तुला उन्हाळ्याची गोष्ट दिली असती. बेरीची, कासवाची, माझ्या नवऱ्याने होडी बुडवली त्याची. माझ्याकडे काय एकच गोष्ट आहे?"

सुलेखा रडली. मोठ्याने, नाक पुसत, चाळिशीच्या बाईने परक्याच्या दारात रडू नये तशी. एक फोन. नवऱ्याने सांगितलं, पोरीने सांगितलं. सोपवलेलं विचारू नये, या आपल्या घरंदाज अदबीखाली तिने स्वतःचा हुशारीचा माज झाकला होता, आणि हे आता तिला लख्ख दिसत होतं. फिल्मच्या प्रती केव्हाच निघाल्या होत्या. त्या शाळांत जाणार, ग्रंथालयांत जाणार, हिवाळ्यातही दाखवल्या जाणार. जिथे जातील तिथे ही बाई मुकी बसणार.

"आता नाही का काही करता येणार?" तिने विचारलं.

"ते तुला ठाऊक. काम तुझं आहे."

आत फिल्म संपली. संगीत सुरू झालं, पाठोपाठ टाळ्या. नावं वर सरकत असणार. मग दीपाचा आवाज आला, अभिमानाने चिरकलेला. "मॉम! युअर नेम! इट सेज साउंड, सुलेखा माईणकर! मॉम, कम क्विक!" आणि सगळी पोरं ते नाव वेडंवाकडं उच्चारत टाळ्या पिटायला लागली.

सुलेखा जागची हलली नाही.

"जा," आजीबाई म्हणाल्या. "तुला बोलावताहेत."